दोघींच्या मध्ये पडलेला चेंडू

ग्रंथालयाच्या काउंटरवर बाई काय म्हणाल्या ते कळायला माणसाला पुढे वाकावं लागतं. ‘हे पुस्तक बाहेर गेलंय, सोमवारी या,’ एवढंच त्या म्हणालेल्या असतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला काहीतरी खासगी सांगितलं. ओठ हलतात, आवाज मागे राहतो. मुलींच्या महाविद्यालयात अशा बाईंना टोपणनाव मिळायला वेळ लागत नाही. ‘चिडीचूप’ हे नाव कोणत्या वर्गाने ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. नव्या मुलींना ते प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात जुन्यांकडून मिळतं, ओळखपत्राबरोबर मिळावं तसं.

मग संध्याकाळ होते. ग्रंथालयाला कुलूप लागतं. बाई नियतकालिकांच्या कपाटामागे जाऊन चपला काढतात, खिळ्यांचे बूट घालतात, लेस दोनदा आवळतात आणि इमारतीच्या मागच्या मैदानावर उतरतात. थोड्या वेळाने तिथून जो आवाज येतो, त्याने व्हरांड्यातून जाणारी एखादी नवी मुलगी दचकते.

“कोण गं ओरडतंय?”

“चिडीचूप.”

“काहीतरीच!”

“जाऊन बघ.”

ती जाऊन बघते. मैदानाच्या मध्यावर ठेंगण्या बांध्याची, केस करडे झालेली बाई कमरेवर हात ठेवून उभी असते, आणि दिवसभर घशात साठवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर सोडावं तशी ओरडत असते. “मोठ्याने! तुझ्या शेजारणीला नाही ऐकू आलं! कोणाचा? कोणाचा चेंडू?”

या महाविद्यालयाचा सॉफ्टबॉलचा संघ इतकी वर्षं जिंकतो आहे की चषक ठेवायला आता जागा उरलेली नाही. प्राचार्यांच्या खोलीतलं काचेचं कपाट केव्हाच भरलं. मग चषक ग्रंथालयात आले, कारण तिथे कपाटं उंच होती आणि पुसणारं माणूस होतं. शब्दकोशांवर लहान चषक आहेत, कायद्याच्या पुस्तकांवर मोठे. वाचता वाचता कोणी मान वर केली तर ते ओळीने दिसतात, पोट पुढे काढून बसलेल्या नातेवाइकांसारखे.

बाई ते पुसतात, पण त्यांच्याविषयी बोलत नाहीत. कोणी फारच आग्रह केला तर त्या एका हरलेल्या सामन्याविषयी बोलतात.

बाईंचे वडील रात्रपाळीला होते. सकाळी ते घरी येत तेव्हा मुलं उठत, आणि मुलं उठली की ते झोपत. एक खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर, एवढंच घर. दिवसभर त्या खोलीच्या मध्यावर एक माणूस पालथा झोपलेला असे आणि त्याच्या भोवतीने सगळं घर टाचा उचलून चाले. भांडं पडणं हा त्या घरातला सगळ्यात मोठा गुन्हा. मुलं भांडत तीसुद्धा खुणांनी. बाई आणि त्यांचे दादा यांच्यात चिमटे काढायची एक सबंध भाषा होती. वडील वाईट नव्हते, कधी अंगावर धावून आले नाहीत. पण झोप मोडल्यावर ते डोळे उघडून छताकडे नुसते बघत राहत, आणि त्या बघण्यात एवढा थकवा असे की मुलांना मार परवडला असता. हे हवं, ते माझं, मला दे, अशी वाक्यं त्या घरात मोठ्याने म्हटली जात नसत. मनातल्या मनात म्हणायची, आणि दुसऱ्याने ओळखली तर ठीक.

अशी मुलगी महाविद्यालयात आली आणि पहिल्याच वर्षी मैदानावर ओढली गेली.

ओढणारी होती तिची मैत्रीण. उंच, हातापायांची लांबलचक, दारातून येताना सवयीने मान खाली घालणारी. तिला सगळे ‘शिडी’ म्हणत. तीही अशाच एका घरातली, फक्त तिथे आजारी आजोबा होते. शिडीने या मैत्रिणीचं नाव ठेवलं ‘बुटकी’, आणि दोघी एकत्र चालल्या की मागून मुली हसत. तेव्हाच्या खेळाच्या सरांना कुठूनतरी चार बॅटी आणि एक पोतंभर जुने हातमोजे मिळाले होते, आणि मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ काढायचं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मैदान म्हणजे इमारतीमागची पडीक जागा. महिनाभर मुलींनी खेळ खेळलाच नाही, नुसते दगड वेचले.

सॉफ्टबॉलचा चेंडू नावाप्रमाणे मऊ नसतो. चांगला टणक आणि मुठीत न मावणारा असतो. तो हाताखालून फेकतात, बॅटवालीने तो मारायचा आणि चार बेसना, म्हणजे जमिनीवरच्या चार थांब्यांना, फेरी घालून परत यायचं. आली की एक धाव. उडालेला चेंडू खाली पडायच्या आत झेलला की ती बाद. एवढं कळलं की खेळ कळला. बुटकी पळायला चपळ, म्हणून सरांनी तिला मागच्या मैदानात मधोमध उभं केलं. शिडी तिच्या पुढे, दुसऱ्या बेसजवळ. दोघींच्या मध्ये मोकळी जमीन.

पहिला सामना दुसऱ्या एका महाविद्यालयाशी होता. आश्चर्य म्हणजे या मुली हरत नव्हत्या. शेवटच्या डावात एका धावेने पुढे होत्या, समोरच्या दोघी बेसवर, दोघी बाद. आणखी एक बाद झाली की सामना यांचा. बॅटवालीने चेंडू उंच उडवला. फार लांब नाही. बरोबर त्या मोकळ्या जमिनीवर.

बुटकी पुढे धावली. शिडी मागे मागे सरकत आली. दोघींची नजर वर. चेंडू आकाशात जरा वेळ थांबल्यासारखा झाला, मग मोठा होत खाली यायला लागला. दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर पोचल्या आणि थांबल्या. दोघींनाही तो झेलता आला असता. डोळे मिटून आला असता. पण बुटकीने शिडीकडे पाहिलं, ‘घे ना,’ अशा नजरेने. आणि शिडीने तिच्याकडे पाहिलं, त्याच नजरेने. दोघी चांगल्या वळणाच्या मुली. तेवढ्या अवधीत मैदानावर इतकी शांतता होती की चेंडू जमिनीवर आदळल्याचा आवाज सगळ्यांनी नीट ऐकला. धप्प. समोरच्या दोघी धावत फेरी पुरी करून आल्या आणि सामना गेला.

 परतीच्या बसमधून उतरताना शिडी म्हणाली, “तो तुझा होता.”

“तुझा होता,” बुटकी म्हणाली.

ते भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि त्यानंतर दोघींपैकी कोणी ते सोडलेलं नाही.

पुढच्या वर्षी सर दुसरीकडे गेले आणि संघ मोडला. इथलं शिक्षण संपल्यावर शिडी खेळाच्या शिक्षणाची पदवी घ्यायला मोठ्या शहरात गेली आणि तिकडेच एका शाळेत लागली. बुटकीला याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. मुलाखतीत विचारलं होतं, तुम्हाला शांतता पाळता येईल का. त्या हसल्या होत्या. बॅटी आणि हातमोजे जिन्याखालच्या पेटीत पडून होते. ती पेटी बाईंच्या टेबलाच्या बरोबर खाली, एक मजला खाली होती, आणि बाईंना ती दिवसभर पायांखाली जाणवत असे. एका संध्याकाळी त्या किल्ली घेऊन खाली गेल्या. हातमोज्यांना बुरशी लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते व्हरांड्यात उन्हाला मांडले. चार मुली विचारायला थांबल्या, हे काय आहे. तोच पुढचा संघ.

बाईंनी पहिल्या दिवशी चेंडू फेकायला शिकवलं नाही, मारायलाही नाही. ओरडायला शिकवलं. चेंडू उडाला, त्याच्याखाली जी जाईल तिने ‘माझा!’ म्हणून ओरडायचं. मनात नाही, ओठात नाही. मैदानाच्या कडेला कुंपणापलीकडे महाविद्यालयाचं कँटीन आहे आणि त्याचं मागचं दार मैदानाकडे उघडतं. तिथे काका दिवसभर कढईसमोर उभे असतात आणि शेगडीचा भाता गुरगुरत असतो. बाईंनी नियम केला की नव्या मुलीने मैदानाच्या टोकाशी उभं राहून ‘माझा’ म्हणायचं, आणि काकांना कढईच्या आवाजातून ते ऐकू आलं की त्यांनी दारातून झारा वर करायचा. झारा वर झाल्याशिवाय मुलीला हातमोजा मिळत नाही.

सुरुवातीला मुली मुसमुसल्या. एकीचे वडील येऊन विचारून गेले की मुलगी घरी पण ओरडायला लागली आहे, हे कसलं शिक्षण. एक मुलगी आठवडाभर रोज ओरडत होती आणि काकांचा झारा काही हलत नव्हता. शेवटी ती रडत कँटीनच्या दाराशी गेली आणि म्हणाली, “काका, वर करा ना, कोणाला काय कळतंय?” काका म्हणाले, “पोरी, मला खोटं बोलता येतं. पण मग तिकडे चेंडू पडेल त्याचं काय?” तिने तिथेच, त्यांच्या तोंडावर, असं काही ओरडून दाखवलं की कढईतलं तेल हललं, असं काका अजून सांगतात. त्या मुलीने पुढे तीन वर्षं संघाचं नेतृत्व केलं.

दुसरा नियम त्यांनी त्या मोकळ्या जमिनीविषयी केला. दोघींच्या मध्ये चेंडू आला तर तो पुढे धावत येणारीचा. कारण तिला चेंडू समोर दिसत असतो, मागे सरकणारीला मान मोडून बघावा लागतो. एकीने ‘माझा’ म्हटलं की दुसरीने ‘तुझा, तुझा’ म्हणायचं आणि थांबायचं नाही, तिच्या पाठीमागे जाऊन उभं राहायचं. हुकला तर अडवायला. “चेंडू सोडणं म्हणजे निघून जाणं नाही,” बाई सांगतात. हे शिकवताना बाईंच्या हे कधी लक्षात आलं की नाही कोण जाणे, की या नियमाने त्या पहिल्या सामन्याच्या भांडणाचा निकालही लागत होता.

संघ जिंकायला लागला. इतर संघांकडे जास्त ताकदीच्या मुली होत्या, पण त्यांच्या मैदानात चेंडू पडत. यांच्यात पडत नसत. इथून बाहेर पडलेल्या मुली निरनिराळ्या कामांना लागल्या. एक बस चालवते, एक शस्त्रक्रिया करते, एक इमारतींना रंग देणाऱ्यांची मुकादम आहे. एकीने आपल्या लग्नाच्या बोलण्यांत पाहुण्यांसमोर उभं राहून ‘हा नाही माझा’ असं सांगितलं, आणि तिच्या आईने बाईंना निरोप पाठवला की तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही. हा निरोप रागाचा की आभाराचा, ते बाईंना नीट उलगडलं नाही.

हे सगळं बाई ग्रंथालय सांभाळून, संध्याकाळी करत होत्या. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि कोणी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांना ते बरं वाटे. न मागता चाललेली गोष्ट, वडिलांच्या झोपेभोवतीने चाललेल्या घरासारखी.

यंदा मात्र विचारलं गेलं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने नियम काढला की ज्या महाविद्यालयाने रीतसर प्रशिक्षक नेमलेला नाही, त्याचा संघ घेतला जाणार नाही. महाविद्यालयाने एक जागा मंजूर करून घेतली. पूर्ण वेळाची. पदवी हवी, किंवा भरपूर वर्षांचा जिंकण्याचा अनुभव. अट वाचली की ती कोणासाठी लिहिली आहे हे आंधळ्यालाही दिसावं. प्राचार्या मॅडमनी ती सूचना फलकावर लावली आणि त्या निश्चिंत झाल्या.

त्याच आठवड्यात बाईंना कळलं की शिडीच्या शाळेने खेळाचा विभाग बंद केला आणि शिडी बहिणीकडे, याच गावात राहायला आली आहे.

बाईंनी अर्ज केला नाही.

“काय झालं त्या जागेचं?” वहिनीने जेवताना विचारलं. बाई दादा-वहिनीकडेच राहतात. वहिनीचं आणि त्यांचं बरं जमतं, कारण घरातलं सगळं बोलणं वहिनी करते.

“शिडी येतेय. पदवी तिच्याकडे आहे. तिची नोकरी पण गेलीय.”

“ती म्हणाली, मी येतेय?”

“म्हणायला कशाला हवं?”

“आणि तुम्ही तिला सांगितलंत, मी अर्ज करत नाही म्हणून?”

बाई ताटात बोटाने रेघा काढायला लागल्या.

“म्हणजे तुम्ही तिला सांगितलं नाही, तिने तुम्हाला सांगितलं नाही,” वहिनी म्हणाली. “छान. आणि जागा लटकत राहिलीय मध्येच. वन्सं, तुम्हाला ती हवी आहे की नको?”

“हवं-नकोचा प्रश्न नाही.”

“दुसरा कुठला प्रश्न आहे मग?”

“जेवू दे गं तिला,” दादा म्हणाले.

“जेवतायत कुठे? ताटात नकाशा काढतायत.”

दादांनी टेबलाखालून बहिणीच्या हाताला हलका चिमटा काढला. त्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ होता, ‘बोल.’ बाईंनी परत चिमटा काढला. त्याचा अर्थ होता, ‘तू गप्प बस.’

दुसऱ्या दिवशी मैदानावर संघाची कप्तान त्यांच्याजवळ आली. ती चेंडू फेकणारी, दणकट खांद्यांची, कोणाचीही भीड न ठेवणारी पोरगी.

“बाई, एक बोलू? रागावू नका.”

“म्हणजे रागावण्यासारखंच आहे.”

“मॅडम म्हणतात तुम्ही अर्जच केला नाही. दुसरं कोणी नेमलं नाही तर आपला संघ जाणारच नाही. हे माझं शेवटचं वर्ष आहे, बाई.”

“नेमतील. माझ्यापेक्षा चांगली बाई आहे.”

“कुठे आहे?”

बाई कुंपणाकडे बघायला लागल्या.

“चेंडू वर आहे,” कप्तान म्हणाली. “तुम्ही त्याच्याखाली उभ्या आहात आणि दुसरीकडे बघताय.”

“मैदानाला फेरी मार.”

“मारते. पण खोटं बोलले का मी?”

“आणखी एक मार.”

ती पळाली. फेरी पूर्ण करून आली तेव्हा बाई तिथेच, तशाच उभ्या होत्या, मागच्या मैदानाच्या मध्यावर, आणि त्यांच्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या जमिनीकडे बघत होत्या. तिथे काहीही नव्हतं. गवत होतं, आणि संध्याकाळची तिरपी सावली.

मुदत संपली. मॅडमनी दोघींनाही बोलावून घेतलं. शिडीविषयी त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक वहिनीने.

प्राचार्यांची खोली पहिल्या मजल्यावर आहे. टेबलावर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं, कोपऱ्यात ते चषकांनी भरलेलं कपाट. खिडकी मैदानाकडे उघडी. खाली सराव चालू होता, बॅटचा टणत्कार वर येत होता. शिडी आधीच येऊन बसली होती. तिचेही केस करडे झाले होते. तिने नेहमीप्रमाणे आत येताना मान वाकवली असणार, कारण एक बट दाराच्या चौकटीला घासल्यासारखी विस्कटली होती.

“बुटके,” ती म्हणाली.

“शिडे,” बाई म्हणाल्या. एवढं बोलून दोघी समोर बघायला लागल्या.

मॅडमनी चष्मा काढला. “एक अर्ज आलाय. गृहस्थ सज्जन आहेत. टेबल टेनिस शिकवतात. मी विचारलं, सॉफ्टबॉल येतो का. म्हणाले, चेंडू तो चेंडू.”

शिडीने विस्कटलेली बट कानामागे सारली.

“आज संध्याकाळपर्यंत मंडळाला नाव कळवायचं आहे. मी या गृहस्थांचं कळवू का?”

“हिचं कळवा,” बाई शिडीकडे हात करून म्हणाल्या. मॅडमना पुढे वाकावं लागलं. “पदवी हिच्याकडे आहे. शिकवायचा एवढा अनुभव आहे. आणि हिला गरज आहे.”

“हिचं कळवा,” शिडी म्हणाली. “संघ हिने उभा केला. मी काय केलं? मी तर निघून गेले. उद्या मी इथे आले तर कपाटातला एकेक चषक माझ्याकडे बघून हसेल.”

“तुझ्याशिवाय मी मैदानावर गेलेच नसते.”

“मी तुला मैदानावर आणली. नंतर तिथे राहिली कोण?”

“लोक जागेसाठी भांडतात,” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही जागा नको म्हणून भांडताय. मी इतकी वर्षं हे काम करतेय, असं पाहिलं नव्हतं.”

“मॅडम, तिला हवी आहे,” शिडी म्हणाली. “तिचे कान बघा. तिला काही हवं असलं की कान लाल होतात. पहिल्यापासून.”

बाईंनी कानांवर हात नेले.

“हवी आहे का?” मॅडमनी सरळ विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. मॅडम वाकल्या, आणखी वाकल्या. काहीच ऐकू आलं नाही. बाईंच्या डोळ्यांसमोर ती खोली होती, मध्यावर पालथा झोपलेला माणूस होता, आणि काहीतरी मागितलं तर तो डोळे उघडून छताकडे बघत राहणार होता. बाईंनी शिडीकडे पाहिलं, घे ना, अशा नजरेने. शिडी त्यांच्याकडेच बघत होती. त्याच नजरेने.

मॅडमनी सुस्कारा टाकून टेबल टेनिसवाल्या गृहस्थांचा कागद उचलला आणि दुसऱ्या हाताने फोन. पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडला. खोलीत कोणी बोलत नव्हतं. ही शांतता बाईंच्या ओळखीची होती. सगळ्यांनी सभ्यपणा पाळला की मध्ये एक पोकळी तयार होते, आणि त्या पोकळीत वस्तू अगदी सावकाश, सगळ्यांच्या देखत, खाली येते. शेवटी आवाज होतो तो जमिनीचा.

“माझा!”

रात्रभर त्यांनी मनात एक वाक्य जुळवलं होतं, आदराचं, कारणांसकट. ते राहिलं बाजूला. घशाला मोठ्याने म्हणायची सवय होती ती एकाच शब्दाची, आणि तोच निघाला, मैदानाच्या मापाचा. काचेचं कपाट किणकिणलं. बाहेरच्या खोलीत हेडक्लार्कची खुर्ची सरकली. मॅडमच्या हातून फोन टेबलावर पडला. खाली मैदानावर बॅटचा आवाज थांबला, आणि सगळ्या मुली, कप्तानसकट, माना वर करून खिडकीकडे बघायला लागल्या.

कुंपणापलीकडे कँटीनचं मागचं दार उघडंच होतं. काकांनी आकाशात पाहिलं, तिथे चेंडू नव्हता. मैदानावर पाहिलं, कोणी धावत नव्हतं. तरी आवाज चोख होता, आणि नियम तो नियम. त्यांनी झारा वर केला.

मॅडमना तो खिडकीतून दिसला. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू सैल झाला. “काय तुमचं?” त्यांनी विचारलं.

“ती जागा, मॅडम. मला हवी आहे.” हे बाई ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाल्या. मॅडमना वाकावं लागलं, पण या वेळी ऐकू आलं.

शिडी उठली होती. विचार करून उठली नसावी, तिच्या लांब पायांना जुनं काही आठवलं असावं. ती बाईंच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. “तुझा,” ती म्हणाली. “तुझा, तुझा.”

“आणि मागे ही हवी,” बाई म्हणाल्या. “फेकणाऱ्या मुलींना हिच्यासारखं कोणी शिकवणार नाही. माझ्या बरोबरीने हवी.”

“जागा एकच आहे,” मॅडम म्हणाल्या.

“ते मला माहीत आहे.”

“आणि ग्रंथालयाचं काय?”

“तिथे माझ्या जागी जो येईल त्याला मी शांतता शिकवीन. त्याला फार दिवस लागत नाहीत.”

मॅडमनी टेबल टेनिसवाल्यांचा कागद घडी करून फाइलीत ठेवला. “या बाईंचं बघते,” त्या शिडीकडे बघून म्हणाल्या. “अर्ध्या वेळाचं काही होतं का. वचन देत नाही. मागावं लागेल वरती.”

“मागा,” बाई म्हणाल्या. “मोठ्याने मागा.”

दोघी जिना उतरल्या. जिन्याखाली ती पेटी अजून होती, आता तिच्यात जाळी आणि चुन्याच्या पिशव्या असतात. शिडीने जाता जाता तिच्यावर हात टेकला. बाहेर ऊन कलंडलं होतं. नुकत्याच मारलेल्या पांढऱ्या रेघा गवतावर स्पष्ट दिसत होत्या, आणि कोणी न सांगता मुली पुन्हा आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. फक्त कप्तान दात काढून हसत होती.

“तुला फेरी मारायला सांगू का?” बाई तिला म्हणाल्या.

“मारते, बाई. आज कितीही मारते.”

शिडी दुसऱ्या बेसजवळ जाऊन थांबली. तिने पायाने माती चाचपली, मग वळून मागे पाहिलं. तिच्या आणि बाईंच्या मध्ये ती मोकळी जमीन होती. केवढीशी.

“आता तरी कबूल कर,” ती म्हणाली.

“काय?”

“तो पहिला. तुझा होता. पुढे धावत येणारीचा असतो म्हणून पोरींना रोज शिकवतेस, मला सगळं कळतं.”

“तेव्हा हा नियम नव्हता,” बाई म्हणाल्या.

“नियम नव्हता, चेंडू तर होता?”

“तुझ्या डोक्यावर होता. हात वर केला असतास तरी लागला असता. एवढी उंच आहेस ती कशाला?”

“मी उलटी पळत होते, बुटके! मला दिसत नव्हता!”

“मग सांगायचं, दिसत नाही म्हणून!”

“तूच का नाही सांगितलंस?”

आवाज वाढत गेले. व्हरांड्यातली माणसं थांबून बघायला लागली. या वर्षी नव्याने आलेली एक मुलगी, जिला अजून हातमोजा मिळाला नव्हता, घाबरून कप्तानला म्हणाली, “ताई, भांडण झालंय का त्यांचं?”

“नाही गं,” कप्तानने धावता धावता सांगितलं. “सराव सुरू झालाय. जा, टोकाला जाऊन उभी राहा.”